लाल ठिपक्याची बुगडी

आमचं भांडण बंद झालं त्याला वर्ष होऊन गेलं होतं, आणि सगळ्या जिल्ह्यात त्याचं कौतुक चाललं होतं.

भांडण कुणाचं ते आधी सांगते. मी प्रणोती तायडे, वेणापूरच्या बाल पोलीस पथकाची फौजदार. डॉक्टर फिरदौस काझी इथल्या सरकारी दवाखान्यात मुलांच्या डॉक्टर. विपुल मेश्राम बाल संरक्षण अधिकारी. आणि सुहासिनी नंदनवार मॅडम बालकल्याण समितीच्या अध्यक्षा. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं, यात शेवटचा शब्द त्यांचा. मारलेलं, टाकलेलं, पळून आलेलं मूल सापडलं की आम्हा चौघांना एकत्र बसावं लागतं. पूर्वी आम्ही एकत्र बसायचो ते एकमेकांची उणीदुणी काढायला. दवाखान्याचा अहवाल वेळेवर येत नाही म्हणून मी फिरदौसवर ओरडायचे, पोलीस मुलांना चोरासारखं विचारतात म्हणून ती माझ्यावर. मेश्राम दोन्हीकडून बोलणी खायचा. नंदनवार मॅडम जन्मभर शाळा चालवलेल्या बाई. त्या टेबलावर लाकडी पट्टी आपटायच्या आणि मग आम्ही गप्प बसायचो.

पुढे एक पोरगं गेलं. त्याचा हात दोनदा मोडल्याचं दवाखान्याला ठाऊक होतं, शेजारच्या बाईची तक्रार ठाण्यात पडून होती, शाळेत ते कित्येक दिवस आलं नव्हतं. तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या असत्या तर ते वाचलं असतं. पेपरवाल्यांनी आम्हाला सोलून काढलं, आणि सरकारने आमच्याच जिल्ह्यात पहिल्यांदा 'मेळ' पाठवला.

मेळ म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आणि कानात अडकवायचे पाच चाप. चाप कानाच्या वरच्या खोलगट भागात बसायचा, म्हणून मेश्रामने पहिल्याच दिवशी त्याला बुगडी म्हटलं आणि तेच नाव पडलं. शिकवायला पुण्याहून गार्गी केतकर नावाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. चार माणसं मन लावून एक काम करू लागली की त्यांची शरीरंही एकमेकांच्या जवळ येतात. भजनाला बसलेल्यांचे श्वास एका लयीत पडतात, आणि श्वासांमागून हृदयाचे ठोकेही. मेळ हेच काम मुद्दाम करतो. मेंदूतून निघून छातीपोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक नस आहे. हृदयाला लगाम घालणं तिच्याकडे. तिची एक बारीक फांदी कानाच्या त्या खोलगट भागात कातडीजवळ येते. बुगडी तिथे बसून ठोके, श्वास, घाम मोजते, पेटीला कळवते, आणि पेटी सांगेल तशी मुंगी चालल्यासारखी बारीक वीज त्या नसेला देते. गटातल्या एकाला 'आधार' नेमायचं. त्याच्या बुगडीवर लाल ठिपका असतो. बाकीच्यांची शरीरं हळूहळू त्याच्या शरीरामागे ओढली जातात. ती बुगडी कुणीच घातली नसेल, तर पेटी आपणच सर्वांत स्थिर माणूस निवडते.

"सहा आठवडे रोज असं बसलात," बाई म्हणाल्या, "की शरीराला सवय लागते. मग वीज नसली तरी चालतं. आधार खोलीत आला, नुसता बोलला, तरी पुरतं."

"आणि विचार?" मी विचारलं. "तेही असेच ओढले जातात का?"

"विचारांना मेळ हात लावत नाही. फक्त शरीर."

तेव्हा मला हे उत्तर पटलं होतं.

पहिल्या दिवशी लाल ठिपक्याची बुगडी मेश्रामच्या कानात होती. आम्ही डोळे मिटून बसलो होतो. एकाएकी माझ्या छातीत धडधड सुरू झाली, तळहात ओले झाले, आणि मी खुर्ची पाडून उभी राहिले. फिरदौस माझ्याआधी उठली होती. नंदनवार मॅडमनी तर पदर तोंडात धरला होता. काय झालं ते कुणालाच कळेना. मेश्राम बिचारा भिंतीकडे बोट दाखवत होता. ट्यूबलाइटखाली एक पाल बसली होती, आणि मेश्राम पालीला मरणाचा भितो. आम्ही पोट धरून हसलो. केतकर बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच आधार नेहमी गटातला सर्वांत शांत माणूस असावा. उद्यापासून घाटोळ सर."

भूषण घाटोळ सर आमच्या गटातले पाचवे. शाळांमधून फिरणारे समुपदेशक. पाल बघून न दचकलेला खोलीतला एकटा माणूस. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आणि बोलण्याआधी ते एक लांब श्वास घ्यायचे. सहा आठवडे आमची हृदयं त्यांच्या हृदयामागून चालली. आमची भांडणं मिटली, पट्टी मॅडमच्या खणात गेली, फिरदौस आणि मी एकमेकींना अगंतुगं करू लागलो. ज्या प्रकरणांना महिना लागायचा ती दोन बैठकांत सुटू लागली. घाटोळ सरांनी मात्र लवकरच गट सोडला आणि लाल ठिपक्याची बुगडी पेटीत पडून राहिली. त्यांचे भाऊ-वहिनी अपघातात गेले होते आणि मागे राहिलेल्या पुतणीला सांभाळायचं होतं. असा माणूस विरळा, असं आम्ही चौघं एका सुरात म्हणालो.

त्या पुतणीचं नाव कस्तुरी.

*

ती मला सापडली एसटी डेपोत, दुरुस्तीला लावलेल्या बसमध्ये, शेवटच्या सीटखाली. नऊ वर्षांची, शाळेच्या गणवेशात, केसांना नीट तेल लावलेलं.

"सकाळपासून बसून आहे जी मॅडम," डेपोचा मेकॅनिक म्हणाला. "रडून नाही राहिली, काही नाही. मले तर वाटलं बाहुली हाय का काय."

मी वाकून हात पुढे केला. ती बाहेर आली. उजव्या हाताची दोन बोटं तिने डाव्या मनगटावर दाबून धरली होती. लागलंय का म्हणून मी पाहिलं, तर काही नव्हतं. जीपमध्ये बसताना तिने आधी दाराची कडी खालीवर करून पाहिली.

"हे आतून उघडते का?"

"उघडतं ना. हे बघ."

तिने स्वतः दोनदा उघडून पाहिलं, मग बसली. मी नाव विचारलं, तिने सांगितलं. आडनाव ऐकून मी जरा हसले आणि म्हटलं, "अगं, तू घाटोळ सरांची कस्तुरी? मी ओळखते काकांना. थांब, त्यांना फोन लावते, लगेच येतील."

 तिने पाय जवळ घेतले, पाठ ताठ केली आणि एक लांब श्वास आत घेतला. मनगटावरची बोटं आणखी दाबली. चेहरा इतका निवांत झाला की माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. एरवी पळून आलेल्या मुलाला घरच्यांचं नाव काढलं की ते रडतं, भांडतं, दार धरून बसतं. ही देवळात बसल्यासारखी बसली होती. मला भीती वाटली. कशाची ते सांगता आलं नसतं, पण वीस वर्षांच्या नोकरीत अशी भीती वाटली की मी तिचं ऐकते. मी सरांना फोन लावला नाही. तिला थेट मुलींच्या बालगृहात नेलं आणि तिथून नियमाप्रमाणे त्यांना कळवलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरीला भेटून झाल्यावर समितीच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मी ठरवून आले होते की जीपमधलं सगळं सांगायचं. फिरदौसने तपासणीचं सांगितलं: अंगावर जखम नाही, वजन ठीक, नाडी साठ-बासष्ट. "इतकं शांत मूल मी वर्षभरात पाहिलं नाही," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी घाटोळ सर आत आले.

"नमस्कार," ते म्हणाले, आणि त्यांनी लांब श्वास घेतला.

काय सांगू. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं झालं. खांदे उतरले. समोर फिरदौसही खुर्चीत टेकली. नंदनवार मॅडम हसल्या. सर सांगत होते की आई-बाप गेल्याचं दुःख पोरीच्या मनात साठलंय, ती मधूनच अशी निघून जाते, ते तिला श्वासाचा व्यायाम शिकवताहेत, सुधारणा आहे. सगळं बरोबर वाटत होतं. मॅडमनी मला विचारलं, "तायडे, तुझं काही?"

"काही नाही मॅडम," मी म्हणाले. "दारं तपासत होती जराशी. नव्या गाडीत मुलं करतात तसं."

ठरलं. अंतिम आदेश उद्या अकराला. आमच्या जिल्ह्याची पद्धत अशी की ताब्याच्या अंतिम आदेशावर सही करताना चौघांनी बुगड्या घालून बसायचं, म्हणजे कुणाच्या रागालोभाने निर्णय हलू नये. त्या वेळी काका आणि पुतणी दोघंही समोर असतील, आणि सही झाली की ती त्यांच्यासोबत घरी जाईल.

*

संध्याकाळी मी घरी भाकऱ्या थापत होते. हात परातीत होते आणि मन रिकामं होतं. तेव्हा मला जीपमधलं तिचं ताठ बसणं आठवलं. तव्यावरची भाकरी करपली तरी मला ती उलटता येईना.

मी घाबरले ते आधी कस्तुरीसाठी. मग दुसरीच गोष्ट लक्षात आली आणि मी त्याहून घाबरले. ही भीती सकाळी कुठे होती? मी ती खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेले होते. आत गेल्यावर कुणी काढून घेतली?

मी फिरदौसला फोन लावला.

"तू एकटी आहेस का?"

"हो. मुलं क्लासला गेलीत. का गं?"

"मी एकच विचारते. कस्तुरीला उद्या परत पाठवायचंय. तुला भीती वाटते का?"

तिने मागे चालू असलेला टीव्ही बंद केला. "दुपारपासून माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "नऊ वर्षांचं पोर, अनोळखी दवाखाना, सुई दिसतेय, आणि नाडी साठ. पोरांची नाडी अशी नसते प्रणोती. मी तिथे बसून हे मोठ्याने सांगितलं आणि कौतुक म्हणून सांगितलं. मला झालं काय होतं?"

मेश्रामला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, मी घरी येऊन बायकोवर उगाच चिडलो. काऊन चिडलो मलेच कळून नाही राहिलं. त्या पोरीच्या मनगटावर बोटांचे वळ पडले होते, पाहिले तुम्ही? मी पाहिले. पण तिथं बोललो नाही."

नंदनवार मॅडमनी तर माझं बोलणं पुरं होऊच दिलं नाही. "मला दुपारपासून माझी शाळा आठवतेय," त्या म्हणाल्या. "फार शहाण्यासारखं बसणाऱ्या पोरांचीच मला काळजी असायची."

चौघंही एकेकटे घाबरलो होतो. एकत्र बसलो की कुणीच घाबरत नव्हतं. आम्हाला एकत्र काम करायला शिकवलं होतं, आणि ते आम्ही इतकं छान शिकलो होतो की आमच्यातल्याच एका माणसापुढे आम्हाला डोळे राहिले नव्हते. आमच्या शरीरांना त्याच्याच हृदयाचं वळण लागलं होतं.

"मग उद्या बसायचंच नाही," मी म्हणाले. "वेगवेगळ्या खोल्यांतून मत द्यायचं."

"कायदा तसं म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पक्षकार समोर हवेत, समिती एकत्र हवी. आणि तारीख कशासाठी पुढे ढकलू? अंगावर ओरखडा नाही, मुलगी तक्रार करत नाही. आमच्याकडे आहे ती नुसती भीती. आणि उद्या तो दारातून आत आला की तीही असणार नाही."

 मॅडमचा थरथरता आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग मला ती पाल आठवली.

*

सकाळी मेश्रामने पेटीतून लाल ठिपक्याची बुगडी काढून माझ्या हातात दिली. "हे नियमात बसते का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्याने मान हलवली आणि पेटी चालू करून टेबलावर ठेवली.

बालगृहाच्या पायरीवर कस्तुरी दप्तर घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि बुगडी दाखवली.

"हे काय आहे ते माहीत आहे?"

तिने पाहिलं आणि हात मागे घेतला. "काकांपाशी होतं असंच. आता बोटाले लावायचा चिमटा आहे."

"चिमटा कशाला?"

तिची दोन बोटं मनगटावर गेली. मी पुढे विचारलं नाही. त्या चेहऱ्यावर मला पुन्हा ती निवांतपणाची छाया येताना दिसली.

"ऐक. याने दुखत नाही. लाल ठिपक्याची बुगडी घालणाऱ्याला वीज देत नाही. ती फक्त तुझं ऐकते. तुझ्या आत जे चाललंय ते आम्हा चौघांना कळेल. तुला बोलायची गरज नाही."

"काकांले कळन?"

"नाही. त्यांच्या कानात नसेल." मग मी ते बोलले जे बोलायला मला लाज वाटत होती. "कस्तुरी, आत गेल्यावर मी बदलेन. तुझे काका आले की मला सगळं छान वाटायला लागेल. आता तुझ्याशी बोललेलं सगळं मी विसरेन. मी हसायला लागले की तू ही कानात घाल. मी सांगणार नाही. तुलाच घालावी लागेल."

तिने माझ्याकडे बघितलं. मोठ्या माणसाने इतकं विचित्र काही कबूल केलेलं तिने बहुधा ऐकलं नसावं. मग तिने बुगडी घ्यायला तळहात पुढे केला.

*

अकरा वाजता आम्ही बुगड्या घालून बसलो. कस्तुरी माझ्या उजव्या हाताला, मूठ मिटून. माझ्या छातीत कालची भीती होती आणि मी ती गच्च धरून ठेवली होती. फिरदौसचे ओठ पांढरे होते. एकमेकांच्या डोळ्यांत पाहायची हिंमत कुणाला होत नव्हती.

घाटोळ सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कस्तुरीसाठी चॉकलेट. "नमस्कार," ते म्हणाले.

मी नखं तळहातात रुतवली. त्यांनी श्वास घेतला, आणि माझाही श्वास त्याच्यामागे गेला. कानात मुंगी चालली. फिरदौस सर्वांत आधी सैलावली असावी, कारण मग पेटीने तिलाच धरून आम्हाला ओढलं. भीती माझ्यातून जाताना मला कळत होती. मी मनात म्हणत होते, जाऊ नको, जाऊ नको, आणि मग कशाला म्हणत होते तेच आठवेना. खिडकीतून छान ऊन आलं होतं. मेश्राम हसत होता.

"तर मग," नंदनवार मॅडम आदेश पुढे ओढत म्हणाल्या, "हरकत कुणाची?"

"नाही," फिरदौस म्हणाली.

"नाही," मी म्हणाले, आणि सरांकडे बघून हसले.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. उजवीकडे काहीतरी हललं. पोरीने केस मागे सारले असावेत, असं वाटलं.

मग माझे ठोके खाली गेले.

ते आधीच संथ होते, आणखी खाली गेले, पायऱ्या उतराव्यात तसे. हे शांत वाटणं नव्हतं. हातपाय होते, पण माझे नव्हते. जीभ टाळूला चिकटली. तळहातांतून घाम वाहायला लागला, पाठ भिजली, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते पुसायची ताकद माझ्यात नव्हती. मला फक्त एवढं कळत होतं की हलायचं नाही. हललं की संपलं. पालीच्या वेळी मी खुर्ची पाडून उभी राहिले होते. इथे पळायचा विचारसुद्धा शरीरात शिल्लक नव्हता.

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाई एकाच जागी पसरत होती. मेश्रामच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो तसाच हसत होता. चौघंही अगदी निवांत दिसत असणार.

"कस्तुरी," घाटोळ सर म्हणाले, "कानातलं काढ."

तो आवाज आला आणि माझं हृदय इतका वेळ थांबलं की मला वाटलं आता पुढचा ठोका पडणारच नाही. त्यांचा तोच आवाज, ज्याने कालपर्यंत आम्हाला बरं वाटत होतं.

"काय झालं सगळ्यांना?" ते हळुवार म्हणाले. "श्वास घ्या. मी आहे ना."

फिरदौसचा हात वर उठला. किती वेळ लागला त्याला. तिने स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, कस्तुरीसारखीच, आणि मग तो हात कानाकडे नेऊन बुगडी ओढून काढली. ती जमिनीवर पडली.

"ही शांत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "पळायला जागाच नसेल तेव्हा शरीर असं करतं. ठोके पाडतं, थिजून जातं. मी नाडी मोजली आणि लिहिलं शांत. या पोरीला तुम्ही काय करता?"

"डॉक्टर, तुम्हाला आरामाची गरज आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली.

नंदनवार मॅडमचा हात खणात गेला. पट्टी टेबलावर अशी आपटली की पेटी उडाली आणि माझ्या अंगात जीव आला.

"घाटोळ, तोंड बंद," मॅडम म्हणाल्या. "श्वाससुद्धा आवाज न करता घ्यायचा. तायडे, ऊठ, त्याला बाहेर ने."

मी उठले. सरळ त्यांच्या आणि पोरीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बाहेरच्या हवालदाराला हाक मारली. सर काही न बोलता गेले, चॉकलेट टेबलावर नीट ठेवून. दार लागल्यावर मॅडमनी कस्तुरीसमोर जमिनीवर बसून विचारलं, "बाळा, घरी काय होतं?"

कस्तुरीने दाराकडे पाहिलं. ते उघडतं का याची तिला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मेश्रामने उठून ते उघडून दाखवलं, बाहेर कुणी नाही तेही दाखवलं.

"गच्चीवर खोली आहे," ती म्हणाली. "मी रडली का काका तिथं ठेवते. अंधार राहते. बोटाले चिमटा राहते, आकडा बाहेर काकांच्या मोबाइलवर दिसते. ठोके कमी झाले का दार उघडते. मले लवकर कमी करता येते आता. पहिले सकाळ होऊन जाये."

 मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण पोलिसाने पोरीसमोर रडू नये असं मला शिकवलंय.

*

नंतर व्हरांड्यात फिरदौस आणि मी भांडलो. वर्षभराचं साठलेलं. नाडीचं तुला कळायला हवं होतं, असं मी म्हणाले. पोर कडी तपासत होती ते तू पाहिलंस आणि मूग गिळून बसलीस, असं ती म्हणाली. आवाज इतके चढले की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. बाकावर कस्तुरी मेश्रामशेजारी बसून बिस्किट खात होती.

"ह्या भांडून राहिल्या का?" तिने मेश्रामला विचारलं.

"हो ना बापा. पहिले रोज भांडत होत्या."

"मग आता यांले कोठं ठेवतीन?"

फिरदौस तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली. "कुठंच नाही," ती म्हणाली. "आम्ही भांडणार, मग चहा पिणार." कस्तुरीने जरा विचार केला आणि दुसरं बिस्किट घ्यायला मनगटावरची दोन बोटं काढली.

आता ती बालगृहात आहे. वर्गात तिचा आवाज फार असतो अशी तक्रार येते, आणि ती ऐकून मला बरं वाटतं. घाटोळवर खटला उभा आहे. आमची पेटी मी सील करून पाठवून दिली आणि सोबत सगळा प्रकार मंत्रालयात कळवला, कारण मेळ आता आणखी अकरा जिल्ह्यांत चालू आहे. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधार असेल, गटातला सर्वांत शांत माणूस, आणि तो घरी काय करतो ते कुणी विचारलेलं नसेल.

काल या योजनेच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, तुमचा प्रकार दुर्दैवी, पण अपवाद आहे. बाकी गटांतून एकही तक्रार नाही, सगळीकडे एकमत आहे. त्यांनी स्वतः पुण्यात केतकर बाईंच्या पहिल्या गटात प्रशिक्षण घेतलंय. काळजी करू नका, ते म्हणाले, आणि ते बोलण्याआधी त्यांनी एक लांब श्वास घेतला, अगदी घाटोळसारखा.

मी दोन बोटं मनगटावर ठेवली. ठोके खाली चालले होते.